पैलवानकीच्या जुन्या वस्तू जमवायच्या, तर आधी फ्रेमची पाठ बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गाव कागल तालुक्यातलं, नोकरी पुण्यात, आजोबा पैलवान. नव्या फ्लॅटमधली एक भिंत आणि एक कपाट कोल्हापूरच्या खेळांच्या जुन्या वस्तूंसाठी ठेवायचंय. खर्चाची तयारी पंचवीस हजारांची. ऑनलाइन एक जण खाशाबा जाधवांची सही असलेला १९५२ चा फोटो अठरा हजारांना देतोय. तो घ्यावा का, आणि अशा अस्सल वस्तू कोल्हापुरात कुठल्या दुकानात मिळतात?

दुकानाचं आधी सांगतो, कारण ते दोन ओळींत संपतं. असं दुकान नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कधीमधी एखादी ढाल, एखादं पदक हाती लागतं, पण त्याच्या मागचा माणूस कोण, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं. कोल्हापुरातल्या चांगल्या वस्तू अजून घरांत आहेत. ट्रंकेत, माळ्यावर, देवघराच्या वरच्या फळीवर. म्हणून शोध वस्तूचा न घेता घरांचा घ्यायचा. तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते: समोर आलेली वस्तू कुणाची, कधीची आणि कशावरून, हे ठरवायचं कसं? ते जमलं तर अठरा हजारांच्या फोटोचं उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

माझा धंदा फोटो फ्रेमिंगचा. तीस वर्षं झाली. शहरातले आणि आसपासच्या गावांतले पैलवानांचे फोटो काच फुटली, पट्टी कुजली, वाळवी लागली म्हणून माझ्याकडे येतात. संग्रहाचा नाद त्यातूनच लागला. आता दुकानात एक प्रसंग घडला तो सांगतो, कारण मी जे काही शिकलोय ते बरंचसं त्यात आहे.

पन्हाळा भागातल्या एक आजी नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. स्टुडिओत काढलेला, मागं रंगवलेला पडदा, अंगावर लंगोट, हाताची घडी, डोक्याला फेटा. काच तडकलेली. मी फ्रेम पालथी केली, कडेच्या चुका (बारीक खिळे) काढल्या, पाठीचा पुठ्ठा उचलला. फोटो आणि पुठ्ठा यांच्यामध्ये घडी घातलेला एक गुलाबी कागद निघाला. पूर्वीचे फ्रेमवाले भर म्हणून हाताला येईल तो कागद घालायचे. कॅलेंडर, वर्तमानपत्र, लग्नपत्रिका, काहीही. हा निघाला कुस्त्यांच्या मैदानाचा हँडबिल. वरचा कोपरा फाटलेला, त्यामुळं मैदान कुठलं ते कळेना. खाली जोडी आणि इनामं छापलेली. पाचव्या जोडीत आजींच्या मालकांचं नाव, इनाम रुपये ५१.

साल मात्र नव्हतं. हँडबिलांवर ते बऱ्याचदा नसतंच. चार दिवसांनी होणाऱ्या मैदानाला कोण साल छापतो? वार आणि तारीख होती: रविवार, ७ मे. आणि तिकीट: खुर्ची २ रुपये, जमिनीवर ५० नवे पैसे. एवढ्यावर काम भागलं. ७ मे या तारखेला रविवार आला तो १९५० साली, मग १९६१, १९६७, १९७२. आणि 'नवे पैसे' हा शब्द आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हापासून १९६४ पर्यंतच चालला, पुढं नुसते पैसे झाले. म्हणजे मैदान १९६१ चं. आजींनी हिशोब ऐकला आणि म्हणाल्या, "आमचं लगीन त्याच्या फुडल्या वर्साचं. एक्कावन्न रुपय मिळाल्यालं मला कवा बोल्ले न्हाईत."

हँडबिल मी मागितला नाही. फोटोशेजारी त्याच फ्रेममध्ये बसवून दिला, पाठीमागं नवा पुठ्ठा घातला. माझ्याकडे त्याची स्कॅन केलेली प्रत आहे, आणि माझ्या संग्रहात ती विकत घेतलेल्या कितीतरी मूळ वस्तूंच्या वर आहे. आता तुम्ही म्हणाल, प्रत म्हणजे संग्रह कसला? हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे. भिंतीवर मूळच वस्तू हवी असेल तर माझा मार्ग तुम्हाला संथ वाटेल. पण नाव, तारीख आणि सांगणारा माणूस जिच्यासोबत आहे ती प्रतसुद्धा बोलते. निनावी चांदीची गदा नुसती चकाकते.

तर वस्तूचा काळ ओळखायची माझी रीत अशी. कागदावर जे लिहिलंय त्यापेक्षा सहज छापून गेलेल्या गोष्टी आधी वाचायच्या. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. 'कोल्हापूर संस्थान' असेल तर बहुधा १ मार्च १९४९ च्या आधीचा, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९५८ ची तारीख घातलेल्या प्रमाणपत्रावर 'महाराष्ट्र राज्य' दिसलं तर विकणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. राज्य झालं १ मे १९६० ला. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन येतो. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांना ७९ मिळवा. आणि वार तारखेशी जुळतो का, हे मोबाइलच्या कॅलेंडरवर बघायला अर्धं मिनिट लागतं. खोटं करणारा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना करील, पण वार तपासायचा कंटाळा करतो.

छपाईसुद्धा बोलते. जुने हँडबिल खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून छापलेले असायचे. कागद पालथा करून बोट फिरवलं की अक्षरांचा दाब हाताला लागतो, मथळ्याच्या मोठ्या लाकडी अक्षरांचा तर चांगलाच. ऑफसेटचा किंवा कॉम्प्युटरचा कागद पाठीमागून सपाट लागतो. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी मिळते, ती एक घ्या. साधारण १९५० नंतरच्या कागदांत पांढरेपणासाठी जे रसायन घालायला लागले, ते या उजेडात निळसर पांढरं चमकतं. १९३० चा म्हणून दाखवलेला कागद ट्यूबलाइटसारखा पेटला, तर समजायचं ते समजा. उलटं मात्र खरं नाही. चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं होत नाही.

फोटोत सगळ्यात मोठी फसगत होते ती फोटोवरून काढलेल्या फोटोची. खरा ब्रोमाइड प्रिंट, म्हणजे डार्करूममध्ये काढलेला जुना कृष्णधवल फोटो, तिरक्या उजेडात धरा. त्याच्यावरचा ओरखडा हा खरा ओरखडा असतो, कडेला उजेड अडतो, नखाला लागतो. नक्कल असेल तर मूळ फोटोवरचे ओरखडे, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ सगळं दिसतं, पण पृष्ठभाग गुळगुळीत. ओरखड्याचा नुसता फोटो असतो तो. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके दिसले तर ते छपाईचं काम, डार्करूमचं नव्हे. पाठीमागं स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला नंबर, पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात उठावदार नाव आहे का बघा. फोटोची पाठ दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी पुढं बोलू नये.

मी स्वतः यात साडेतीन हजारांना पोळलोय. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, त्या वेळचा म्हणून एक फोटो मला एका मध्यस्थानं दिला. खाली सही, सहीखाली '१९५९'. भावनेच्या भरात घेतला. घरी येऊन पाठ बघितली तर कागद प्लॅस्टिकचा थर असलेला, पुढच्या काळातला. गंमत म्हणजे सही खरीही असू शकते, कारण खंचनाळे २०२० पर्यंत हयात होते आणि नंतर कधीतरी एखाद्या प्रिंटवर त्यांनी ती दिली असेल. पण तारीख खोटी, आणि मी पैसे मोजले होते तारखेचे. तो फोटो आजही दुकानात गल्ल्याच्या मागं लावलाय, माझ्या माहितीसाठी.

आता तुमच्या अठरा हजारांकडे येऊ. सहीची किंमत ठरते ती त्या माणसानं किती सह्या केल्या असतील आणि त्यातल्या किती उरल्या असतील यावर. क्रिकेटमधल्या भाऊसाहेब निंबाळकरांचं बघा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारा हा आपल्या गावचा माणूस २०१२ पर्यंत कोल्हापुरात होता. त्यांची सही घरोघरी नसली तरी असंख्य लोकांनी समोर बसून घेतलीय. ती योग्य भावात, घेणाऱ्याच्या तोंडून हकीकत ऐकून मिळू शकते. खाशाबांचं तसं नाही. १९४८ ला लंडनमध्ये सहावे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ, पुढं पोलिसात नोकरी आणि १९८४ मध्ये अपघाती मृत्यू. त्यांच्या हयातीत सह्या गोळा करणारे लोक आजच्यासारखे मागं लागलेले नव्हते. माझ्या पाहण्यात आलेल्या दोन खात्रीच्या सह्या दोन्ही कामाच्या कागदांवर होत्या. फोटोवर ऐटीत केलेली नव्हती एकही. म्हणून 'ऑलिंपिकच्या फोटोवर सही' ऐकलं की मी आधी सावध होतो.

तरी खोटाच आहे असं न बघता म्हणणार नाही. विकणाऱ्याला तीन गोष्टी मागा: पाठीचा फोटो, तिरक्या उजेडातला व्हिडिओ, आणि हा फोटो त्याच्याकडे कुठल्या घरातून आला त्याचं उत्तर. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. 'एका जुन्या संग्राहकाकडून' हे उत्तर नव्हे. कोल्हापूर, कराड, खाशाबांचं गाव गोळेश्वर हा पट्टा काही एवढा मोठा नाही. खरं घर असेल तर दोन फोनमध्ये त्याचा पत्ता लागतो. नाही लागला तर अठरा हजार खिशात ठेवा. तेवढ्यात चांगलं कपाट, चांगल्या फ्रेमा आणि दोन वर्षांचं पेट्रोल निघतं.

गदेविषयी. गदा प्रत्येकाला हवी असते, तुम्हीही लिहिलंय. महाराष्ट्र केसरीची मानाची गदा बाजारात येत नाही, येऊ नये, आणि कुणी दाखवलीच तर आधी त्या पैलवानाच्या घरी विचारा. जत्रांमधल्या छोट्या गदा मात्र येतात. त्यात बहुतेक वेळा आत लाकूड आणि वरून पत्रा असतो, त्यामुळं हातात जड लागली याला अर्थ नाही. पत्रा चांदीचा, जर्मन सिल्व्हरचा की नुसता मुलामा, ते गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, ओळखीच्या सराफाकडून टंच (शुद्धता) काढून बघा. विकणारा चांदीच्या भावानं वजनावर किंमत सांगत असेल तर तुम्ही चांदी घेताय, गदा नव्हे. एकदा मी गुजरीत बसलो असताना एक मुलगा वडिलांची गदा मोडीत घालायला आला. घरात आजारपण होतं. सराफानं मानेखालचा पत्रा उकलला तेव्हा आतल्या लाकडावर शिसपेन्सिलनं गावाचं नाव आणि साल लिहिलेलं दिसलं, कारागिरानं आठवणीसाठी टाकलेलं. मी गदा घेतली नाही. पैसे उसने दिले आणि गदा घरी पाठवली. नंतर ते पैसे परतही आले. याला तुम्ही धंद्याची रीत म्हणू नका, पण अडलेल्या घरातून मानाची वस्तू उचलायची नाही, एवढं मी पाळतो. तुमचं तुम्ही ठरवा.

एक इशारा. कोल्हापूर संस्थानात शिकार आणि साठमारी (चिडवलेल्या हत्तीला मैदानात चुकवायचा खेळ) हेही खेळच होते, त्यामुळं 'दरबारी' म्हणून वाघाची नखं, कातडी, हस्तिदंती मुठी दाखवणारे लोक भेटतील. हात लावू नका. वन्यजीव कायद्यात ते सरळ गुन्ह्यात बसतं, जुनं आहे म्हणून सुटका नाही. आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो. कुस्त्यांचं खासबाग मैदान सुरू झालं १९१२ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या काळातली ढाल किंवा पदक आता त्यात मोडू शकतं. घरात ठेवायला अडचण सहसा नाही, पण परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवता येणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची? तुमच्या आजोबांपासून. तुम्ही प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत करून पुढं खाशाबांवर गेलात, तिथंच मी थांबलो होतो. ते कुठल्या तालमीत होते? गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, काळाइमाम? वस्ताद कोण? जोडीला कोण असायचं? त्या जोडीदाराची मुलं-नातवंडं कुठं आहेत? अशा घरांत गेलात की माळ्यावरचं पितळी भांडं उतरतं तसं एकेक उतरतं. पदक, फेटा, व्यायामाची करेल, झिजलेली मुदगलाची जोडी, खुराकाच्या हिशोबाची वही. मला विचाराल तर अशी वही हातात आली तर दहा गदांच्या बदल्यातही देऊ नका. कुठल्या महिन्यात किती बदाम, किती तूप, दुधाचे किती रुपये, पैसे कुणी दिले, हे त्या काळच्या पैलवानकीबद्दल फोटोपेक्षा जास्त सांगतं.

तालमीत जाल तेव्हा खरेदीला म्हणून जाऊ नका. चपला बाहेर, मारुतीला नमस्कार, आणि कुणी बोलावल्याशिवाय हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेलाही पाय नाही. भिंतीवरचे फोटो विकायचे नसतात, पण परवानगी घेऊन मोबाइलवर काढता येतात, आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसणारी म्हातारी मंडळी प्रत्येक फोटोतल्या माणसाचं नाव सांगू शकतात. ती नावं आत्ता लिहून घ्या. दरवर्षी कट्ट्यावरची एक-दोन माणसं कमी होतात, हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. बंद पडणारे फोटो स्टुडिओ: निगेटिव्हचे डबे भंगारात जायच्या आधी गाठा. रद्दीवाले: लक्ष्मीपुरीपासून सुरुवात करा, एकाशी कायमची ओळख ठेवा, दर महिन्याला चक्कर. आमच्यासारखे फ्रेमवाले: जुन्या फ्रेमांचे पुठ्ठे आणि मागचा कागद फेकू नका म्हणून सांगून ठेवा. आणि आजचे हँडबिल! जत्रांच्या दिवसांत गावोगाव भिंतीवर लागतात, कमिटीवाला फुकट देतो. पंचवीस वर्षांनी हेच लोक शोधत फिरतील. मी हँडबिलासाठी एका मिसळीपासून पाचशे रुपयांपर्यंत मोजलेत. फुकट मिळाला तो जास्त आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

फुटबॉलबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण माझ्या मते नव्या माणसाला तिथं जास्त वाव आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, या संघांचे जुने जर्सी, पदकं, शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांचे फोटो पेठांमध्ये घरोघरी पडून आहेत आणि अजून कुणी त्यांना 'जुनी वस्तू' म्हणत नाही. जर्सी धुवायला टाकू नका, एवढंच सांगतो. कॉलरचा घाम आणि कडेला पुसलेला चिखल हाच तिचा पुरावा असतो. फक्त कुठल्या पेठेत कुठल्या संघाचं कौतुक करताय याचं भान ठेवा.

जपणुकीत माझ्याकडून झालेल्या चुका तुम्ही करू नका. सुरुवातीला मी एक प्रमाणपत्र लॅमिनेट केलं. ते आता कायमचं प्लॅस्टिकात अडकलंय आणि आतून पिवळं पडतंय. सेलोटेप नको, कागदावर बॉलपेन नको, खळीनं चिकटवणं तर नकोच, खळीला कसर लागते. फोटो काचेला टेकू देऊ नका, मध्ये माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घाला, नाहीतर पावसाळ्यात तो काचेला चिकटतो आणि सोडवताना चेहरा निघून येतो. आणि खालच्या कप्प्यात काही ठेवू नका. २०१९ च्या महापुरात माझे दोन अल्बम गेले. घर पाण्यापासून लांब होतं, पण अल्बम दाखवायला म्हणून मित्राच्या दुकानात ठेवले होते, जमिनीलगत. तुम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहता, तुम्हाला पुराची नाही, पण ओल्या भिंतीची काळजी आहेच. बाथरूमच्या पाठीची भिंत निवडू नका.

प्रत्येक वस्तूबरोबर एक साधा कागद ठेवा, पेन्सिलीनं लिहिलेला: कुणी दिली, कुठल्या तारखेला, देणाऱ्याचं त्या पैलवानाशी नातं काय, तो काय म्हणाला. जमलं तर त्याची सही घ्या, आणि विचारून मोबाइलवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करा. त्यातली एखादी कुस्ती कधी झाली ते पडताळायचं असेल तर करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा. ज्यांच्या नावाचं ते ग्रंथालय आहे, त्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते, हे तिथं बसून वाचताना डोक्यात राहतं.

या दिवाळीला गावी जाल तेव्हा आजोबांचा भिंतीवरचा फोटो खाली घ्या. आजीला आधी विचारा. फ्रेम मऊ कापडावर पालथी ठेवा. चुका पक्कडीनं ओढू नका, पातळ पट्टीनं एकेक वर उचला, जुनं लाकूड फाटतं. पुठ्ठा उचलताना फोटो त्याला चिकटलेला वाटला तर तिथंच थांबा आणि तसाच माझ्यासारख्या एखाद्याकडे न्या. नाही चिकटला तर मधला कागद घडी न उलगडता आधी दोन्ही बाजूंनी बघा. वार आणि तारीख दिसली तर इथं लिहून टाका, साल आपण मिळून काढू.